जगबुडीत डार्क एल्फांचा राजा वाचकाला पटेल असा कसा पाडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठीत फँटसी कादंबरी लिहिताय, जगबुडी सुरू झालीय, तिच्यात डार्क एल्फांचा (जमिनीखाली राहणाऱ्या, माणसासारख्या दिसणाऱ्या काल्पनिक जमातीचा) राजा संपायचाय, पण शेवटची लढाई पाच वेळा लिहूनही खोटी वाटते.

लढाई काढून टाका.

मी कादंबरीकार नाही. पण आम्ही पाच जण सोलापुरात अशोक चौकाजवळ एका मित्राच्या पॉवरलूमच्या वरच्या खोलीत तीनेक वर्षं दर रविवारी रात्री 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ खेळलो. रविवार अशासाठी, की त्या दिवशी खालचे माग बंद असायचे आणि एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. गोष्ट सांगायची आणि फाशांचा निकाल लावायचा हे काम माझ्याकडे. त्या खेळात असाच एक राजा होता आणि तो कसा पडला हे मला अजून पाठ आहे.

आधी एक अडचण सांगतो. डार्क एल्फ मुळात उत्तरेकडचे. १३व्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने एड्डा हा तिकडच्या पुराणकथांचा ग्रंथ लिहिला, त्यात उजळ एल्फ सूर्याहून देखणे आणि काळे एल्फ डांबराहून काळे, जमिनीखाली राहणारे, एवढंच येतं. जमिनीखालची नगरं, कारस्थानं, विषारी बाण हा सगळा पसारा नंतरचा. त्यातला बराचसा १९७४ साली निघालेल्या या खेळातून आला. आणि तिथे सत्ता बहुधा देवळातल्या बायकांकडे असते. त्यामुळे तुम्ही 'राजा' लिहिलंत की जाणकार वाचक विचारणारच, की हा बाबा गादीवर बसला कसा? त्याचं उत्तर तयार ठेवा, बहुतेक वेळा त्याच उत्तरात त्याचा शेवटही दडलेला असतो. (आणि काळा म्हणजे वाईट हे समीकरण कृपा करून वापरू नका. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे, आमची तर टापच नाही.)

आमच्या राजाचं उत्तर मला आजोबांकडून मिळालं. ते गिरणीत साचाखात्यात होते. गिरणीच्या भोंग्यावर सगळी पेठ उठायची, जेवायची, झोपायची. गिरणी बंद पडून कित्येक वर्षं झाली तरी आजोबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसायचे आणि आजीला विचारायचे, "झाला का गं?" काय झाला का, हे आजी कधी विचारायची नाही.

मग मी विचार केला, जमिनीखाली सूर्य नाही, चंद्र नाही. तिथे दिवस कधी उजाडतो हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात भोंगा, तो. पूर्वी शिंग फुंकायचा मान देवळातल्या पुजारणींचा होता. या गड्याने ते शिंग बळकावलं आणि राजा झाला. तलवार उपसावीही लागली नाही.

आता जगबुडी. वर राख पडते, ऊन जातं, उन्हाळा येतच नाही. हे काही फार कल्पनेतलं नाही. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच झाला नाही, पिकं बुडाली. एड्डातही जगाच्या अंताआधी लागोपाठ तीन हिवाळे येतात, मधे उन्हाळा नाही. तुम्ही म्हणाल, एल्फ तर आधीच अंधारात राहतात, त्यांचं काय बिघडतं? बिघडतं. ते अळंब्या खाऊन राहतात असं सगळे लिहितात, पण अळंबीला ऊन लागत नसलं तरी भुसा, पाचोळा, शेण, काहीतरी कुजलेलं लागतंच, आणि ते वरून येतं. आमच्या मित्राच्या भाषेत सांगायचं तर, "वर ज्वारी नाही, तर खाली कडबा कुठला बे?"

राजाकडे पेवं होती. जमिनीत खोल, तोंड बंद केलेली, धान्याने भरलेली. हिशेब केला तर नगराला रोज एक शिधा या दराने ४०० दिवस पुरतील इतकीच. राजाला वाटलं, ५०० दिवस काढले तर वरची राख बसेल. म्हणून त्याने दिवसच लांबवला. ६० घटकांचा, म्हणजे आपल्या चोवीस तासांचा दिवस आधी ६१ चा, मग ६२ चा, असं करत करत ७५ घटकांवर नेला. शिंग थोडं उशिरा वाजायचं, एवढंच. शिधा दिवसाला एक, शिंगाच्या हिशेबाने एकही शिधा कमी नाही.

हे चालेल का, अशी शंका मलाही होती. चालतं. १९६२ साली मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता दोन महिने एका गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होती. हुशार माणूस, तब्येत ठणठणीत, मनावर कुणाची सक्ती नाही, तरी पंचवीस दिवस हरवले. १९व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये काही कापडगिरण्यांत घड्याळ पुढेमागे करून मजुरांकडून जादा काम करून घ्यायचे, अशाही साक्षी आहेत. मग बिचाऱ्या एल्फांची काय कथा. लोक थकायचे, पाळी संपता संपत नाही म्हणायचे, आणि राजाची माणसं सांगायची, "वर जग जळतंय, थकवा येणारच." तुमच्या गोष्टीतली जगबुडी अशी वापरा. राजा तिच्याविरुद्ध लढत बसला की गोष्ट सपाट होते. तो तिच्या आडोशाला उभा राहिला की मजा येते.

मग उघडकीला कसं आलं? हे मी ठरवलेलंच नव्हतं. मी योजलेला पुरावा वेगळा होता, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्यातली एक जण नर्स आहे, प्रसूती विभागात. तिचं पात्र म्हणजे नगरातली म्हातारी सुईण. दोन रविवार ती नुसती विचारत होती, किती बाळं झाली, कितव्या महिन्यात झाली. मी वहीत बघून सांगत गेलो: गरोदरपणाचा २२४वा दिवस, २२६वा दिवस. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "बाळाचे तळपाय बघते." मी म्हटलं, बघ की. "रेघा पूर्ण टाचेपर्यंत आहेत का? नखं बोटाच्या टोकापर्यंत आलीत का?" मला यातलं काय कळतंय, मी हो म्हणून बसलो. तिने हातातला चहा खाली ठेवला. "हे आठव्यातलं बाळ नाहीये. पुऱ्या दिवसांचं आहे. बाळ बरोबर आहे, दिवस चुकलेत."

खोलीत कुणीच बोलेना. एकाने मोबाइल काढून पुऱ्या गरोदरपणाच्या २८० दिवसांना सव्वाने भागलं, कारण ६० चे ७५ म्हणजे सव्वापट. उत्तर २२४. (दुसऱ्याने विचारलं, एल्फांचं गरोदरपण माणसाइतकंच असतं का? मी म्हटलं, आमच्या एल्फांचं नऊ महिने नऊ दिवस.)

तरीही तेवढ्यावर राजा पडला नसता, आणि पडूही नये. दिवस लांबवून त्याने लोक जगवलेच होते. तो उघडपणे म्हणाला असता, "पाचातली एक भाकरी सगळेच सोडू," तर लोक कुरकुरत का होईना तयार झाले असते. आमच्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट पोरासोरांना ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारं रयतेला खुली केली, आणि मागचं देणं भागवायला विठोबा महाराच्या रूपात बेदरला गेला. उपाशी माणूस काय विसरतो माहीत नाही, पण कोठार कुणी उघडलं आणि कुणी झाकलं हे शेकडो वर्षं विसरत नाही.

आमचा राजा पडला मुदपाकखान्यात. तिथे कोपऱ्यात पाण्याने भरलेलं घंगाळ होतं आणि त्यात बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत होती. घटिकापात्र. हळूहळू भरून बुडायची, बुडाली की एक घटका झाली. सैपाकी ती उपसून पुन्हा ठेवायचा आणि भिंतीवर एक रेघ ओढायचा. साठ रेघा झाल्या की राजाचं ताट. नगराचा दिवस ७५ घटकांचा, राजाचा मात्र ६० चाच. सुईणीने भिंतीवरच्या रेघा मोजल्या, वाटी पदराखाली घेतली आणि चौकातल्या हौदात नेऊन सोडली. बस. लोक हौदाभोवती बसून वाटी बुडताना बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शिंग वाजलं, कुणी उठलं नाही. परत वाजलं. मग लोक आपापल्या वेळेने उठले आणि पेवांकडे गेले. पहारेकरी अडवायला नव्हते, तेही झोपले होते, पंधरा घटकांची झोप त्यांचीही बाकी होती. राजा सज्जात उभा राहून शिंग फुंकत होता, एवढंच मी शेवटी सांगितलं. त्याला कुणी मारलं का, तो मेला कसा, हे मी सांगितलं नाही आणि विचारलंही कुणी नाही.

म्हणजे एकाने विचारलं. ज्याच्या पॉवरलूमच्या वरच्या खोलीत आम्ही खेळायचो तोच. त्याच्या योद्ध्याने तीन वर्षं एक मंतरलेली तलवार या राजासाठी राखून ठेवली होती. तो फासा हातात घासत बसला होता, टाकायला कारणच मिळेना. शेवटी उगाच टाकला, तर वीस पडले. वीसपैकी वीस! पुढचे दोन रविवार खोलीची किल्ली आम्हाला मिळाली नाही. त्याचं अगदीच चूक नव्हतं. तुमच्या वाचकांतही असे तलवारवाले असणारच, तेव्हा त्यांच्यासाठी वरच्या वेशीवर एखादी दणदणीत मारामारी आधीच घालून ठेवा, राजाचा सेनापती वगैरे कुणीतरी त्यांच्या वाट्याला द्या. मी विसरलो होतो.