नुसत्या मथळ्यावरून कळत नाही

मथळा वाचताक्षणी बातमी खरी की खोटी ते ओळखायची युक्ती तुम्ही विचारली आहे. बरीच वर्षं लोकांनी पाठवलेल्या बातम्या तपासून देतोय, तरी अशी युक्ती माझ्या हाती लागलेली नाही. उद्गारचिन्हांची रांग, 'धक्कादायक', 'डिलीट व्हायच्या आत बघा' ही जुनी लक्षणं. हल्ली खोटं बनवणारेही शुद्धलेखन सांभाळतात, आणि खरी वृत्तपत्रं काही कमी भडक मथळे देत नाहीत.

शार्कचंच घ्या. २०११ मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी पोर्तो रिकोतला म्हणून एक फोटो फिरला: रस्त्यावर पाणी आणि गाडीशेजारी पोहणारा शार्क. सगळं जोडकाम, शार्क भलत्याच जुन्या फोटोतून उचललेला. पुढे अनेक वादळांत तोच शार्क, फक्त गाव नवं. मग २०२२ मध्ये इयान वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सचा व्हिडिओ आला. परसदारी तुंबलेल्या पाण्यात शार्कसारखा मासा. 'आला परत!' म्हणून मी हसून सोडून दिला. तो खरा निघाला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मूळ फाइलमधली तारीख-वेळ तपासली, चित्रण करणाऱ्याकडूनही खात्री करून घेतली. मी मात्र नुसत्या नजरेवर विसंबलो होतो.

तेव्हापासून मी मथळा निरखत बसत नाही. दुसरी टॅब उघडतो आणि बातमीतलं नाव, ठिकाण टाकून आणखी कोणी दिलीय का बघतो. इथे एक मेख आहे: दहा ठिकाणी शब्द न् शब्द तोच मजकूर असेल, तर ती दहा नव्हे, एकच बातमी धरायची. फोटो असेल तर टिनआयवर (तोच फोटो आधी कुठे आलाय ते शोधणारी वेबसाइट) टाकून सर्वांत जुनी नोंद वर आणतो. तीन वर्षांपूर्वीचा फोटो 'आजचा' म्हणून फिरतोय हे तिथेच उघडं पडतं. लिंक उघडून बातमीची तारीखही बघा, जुनी बातमी खरी असूनही फसवते.

आणि नावाजलेलं वृत्तपत्र म्हणजे पक्की बातमी, असंही नाही. ३ नोव्हेंबर १९४८ च्या शिकागो ट्रिब्यूनने अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईने ट्रुमनला हरवल्याचा मथळा छापला, जिंकले ट्रुमन. छापखान्यातल्या संपामुळे अंक लवकर सोडावा लागला होता आणि मतमोजणी अजून चालू होती. म्हणून निवडणुकीचे निकाल, मृतांचे आकडे किंवा कोणाच्या निधनाची बातमी आली, की मी तासभर तरी कोणालाच पुढे पाठवत नाही. घरचे वैतागतात.