वेल्समधील जुन्या दगडी शेतघरात आधी हीट पंप बसवावा की भिंतींचे इन्सुलेशन करावे?

मध्य वेल्समध्ये १८५० च्या सुमाराचे, अर्धा मीटर जाड दगडी भिंतींचे आणि स्लेटच्या छपराचे शेतघर आपण घेतले आहे, तेथे गॅसची वाहिनी नाही आणि तेलावर चालणारा बॉयलर जुना झाला आहे, असे आपण लिहिले आहे. अशा घरांच्या उष्णतेचा हिशेब मांडणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर उत्तर देतो.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र) असो वा इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), या दोन्ही कामांच्या आधी घर कोरडे करावे लागेल. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता बाहेर घालवते, त्यामुळे फुटकी पन्हळ किंवा जोत्याच्या वर चढलेली माती तशीच ठेवून केलेले इन्सुलेशन ओल झाकून ठेवण्यापलीकडे काही साधत नाही. आपल्या भिंतीला बहुधा दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये चुन्यात किंवा मातीत बसवलेली भर असेल. अशी भिंत पावसात पाणी शोषते आणि पुढे चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, ते सोडते. नंतरच्या काळात कोणी त्या दर्जा सिमेंटने भरल्या असतील, तर पाणी आत शिरते, पण बाहेर पडत नाही. बाहेरून दगडाचे पापुद्रे सुटत असतील आणि सिमेंटची रेघ मात्र जशीच्या तशी उभी असेल, तर तेच घडले आहे असे समजावे. तेथे चुन्याचे काम येणारा गवंडी शोधण्यावर केलेला खर्च वाया जाणार नाही.

भिंतीच्या आतून फोमच्या पॅनेलवर जिप्समचे बोर्ड लावण्याचा स्वस्त पर्याय आपल्यालाही सुचवला जाईल. तो कृपया स्वीकारू नका. अशा एका घरातले पॅनेल मी काढलेले पाहिले आहे. मागचा दगड पाण्याने चकाकत होता आणि भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकात पेचकस दांड्यापर्यंत सहज शिरत होता. घरातली दमट हवा पॅनेलच्या फटींतून थंड दगडापर्यंत पोचते, तेथे तिचे पाणी होते आणि त्या पाण्याला सुकायला वाट राहत नाही. त्याऐवजी लाकडी तंतूंचे बोर्ड चुन्याच्या थरात दगडाला पूर्ण चिकटवून, मागे पोकळी न ठेवता, वरून चुन्याचाच गिलावा करावा. फरक किती पडतो ते पाहा. १० चौरस मीटर भिंत, आत २० अंश, बाहेर उणे २, आणि दगडी भिंतीचा यू-व्हॅल्यू (एक चौरस मीटरमधून दर अंश फरकाला जाणारे वॅट) १.७ धरला, तर त्या एका भिंतीतून सुमारे ३७५ वॅट जातात. ६० मिलिमीटरचे बोर्ड लावल्यावर हा आकडा ११० च्या आसपास येतो. याहून जाड थर लावण्याचा मोह टाळावा, कारण इन्सुलेशन वाढेल तसा मागचा दगड अधिक थंड आणि अधिक ओला राहतो.

माळ्यावर खनिज लोकरीचा २७० मिलिमीटरचा थर हे तेथील नेहमीचे प्रमाण आहे आणि खर्चाच्या मानाने सर्वांत मोठी बचत तेथेच होते. वळचणीची हवा मात्र बुजवू नका, आणि काम सुरू करण्यापूर्वी वटवाघळांची पाहणी करून घ्या, कारण त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. इमारत संरक्षित यादीत असेल, तर स्थानिक नियोजन खात्याची परवानगीही लागेल. खिडक्या बदलण्याऐवजी आतून दुसरी काच बसवणे बहुतेक वेळा पुरते. फटी बुजवल्यावर स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात हवा बाहेर काढणारे पंखे अवश्य ठेवावेत.

फरशीचा निर्णय मात्र अगदी सुरुवातीलाच घ्यावा लागतो, कारण ती पुन्हा उखडता येत नाही. फरशी काढणारच असाल, तर फेसाळ काचेच्या खड्यांवर चुन्याचे काँक्रीट आणि त्यात गरम पाण्याच्या नळ्या, अशी रचना करावी. हीट पंपाला कमी तापमानाचे पाणी मानवते आणि अशा फरशीला तेच लागते.

हीट पंपाचा आकार ठरवणे शेवटी येते, आणि तेही खोलीवार हिशेब लेखी घेतल्यावरच. रेडिएटरच्या (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या, भिंतीवरच्या पॅनेलच्या) सूचीतली क्षमता पाणी आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक धरून दिलेली असते; ४५ अंशांचे पाणी सोडले, तर तोच रेडिएटर जेमतेम एक तृतीयांश उष्णता देतो. म्हणून सध्याचा बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा) असेल, तर जानेवारीतल्या कडक थंडीत त्याचे पाणी आठवडाभर ५० अंशांवर ठेवून पाहा. ज्या खोल्या उबदार होत नाहीत, तेथेच मोठे रेडिएटर किंवा अधिक इन्सुलेशन लागेल, हे घरच आपल्याला दाखवून देईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये हीट पंपासाठी सरकारी योजनेतून ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते; पण त्या लोभाने आज, ओल्या भिंतींच्या हिशेबावर पंप बसवला, तर तो भिंती सुकल्यावर गरजेपेक्षा मोठा ठरेल, सारखा चालू-बंद होत राहील आणि वीजही अधिक खाईल. जुना बॉयलर आणखी एक हिवाळा तग धरणार असेल, तर त्याला तेवढा वापरावा आणि तोवर भिंती सुकू द्याव्यात.