उभ्या व्हॅक्यूमची ओढ कमी वाटली तर

मोटरच्या वॅटवर जाऊ नका. तो आकडा वीज किती खाते ते सांगतो, ओढ किती ते नाही. उभ्या मशीनमध्ये गालिच्याचं बरंचसं काम तळाचा फिरता ब्रशच करतो, म्हणून नळी लावल्यावर तेच मशीन अचानक दुबळं वाटतं. बिघाड समजू नका, ब्रशची मदत तुटलेली असते.

तरीही शंका असेल तर नळीच्या टोकावर तळहात ठेवा. चांगला चिकटला पाहिजे. नाही चिकटला तर आधी फिल्टर, मग नळीचा वाक, मग डबा बघा. मुठीजवळची हवेची खिडकी (ओढ कमी करायला दिलेली सरकती झडप) उघडी राहिलेली असते, हेही बऱ्याचदा निघतं. फिल्टर धुतलात तर पूर्ण वाळू द्या, ओला बसवू नका.

हवेवर फिरणारा छोटा टर्बो-ब्रश सोफ्यावरच्या केसांना ठीक, पण तो ओढीतलीच ताकद खातो. आधीच मरगळलेल्या मशीनला लावून उपयोग नाही. फटीचं निमुळतं तोंड कोपऱ्यापुरतंच, कारण त्यातून हवा कमी जाते.

आणि प्लग काढून ब्रशच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेले केस कात्रीने कापा. मधले सगळेच काढतात, टोकांचे राहतात.