अटारी 2600 वरचा स्पेस इन्व्हेडर्स कच्चा आहे का?

स्पेस इन्व्हेडर्स म्हणजे रांगा करून खाली उतरत येणाऱ्या एलियनच्या फौजेला खालच्या तोफेने टिपायचा व्हिडिओ गेम. तुम्ही विचारलंय की आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मूळ यंत्रावर, 55 एलियन असताना अटारी 2600 या टीव्हीला जोडायच्या घरगुती यंत्रावर 36 च का, चार बंकरांचे (तोफेसमोरच्या आडोशांचे) तीन का झाले, एलियनचे चेहरेही निराळे का. मग हा पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रासाठी केलेली ही आवृत्ती, कच्चाच म्हणायचा का, आणि घरी खेळायला कुठली आवृत्ती घ्यावी. माझं मत आधीच सांगतो. मूळ खेळ नीट समजून घेऊन केलेल्या पोर्टांमध्ये मी याला फार वरचं स्थान देतो. पण ते पटायला एलियनची डोकी मोजून भागणार नाही, दोन्ही यंत्रांच्या आत डोकवावं लागेल.

मूळ खेळ 1978 चा, ताइतो कंपनीचा. तोमोहिरो निशिकादो यांनी खेळही रचला आणि तो चालवणारं हार्डवेअरही स्वतःच उभं केलं. प्रोसेसर इंटेल 8080, वेग 2 मेगाहर्ट्झ. पडदा 256 बाय 224 ठिपक्यांचा, काळा-पांढरा. रंग दिसायचे ते वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. तेवढ्या पडद्यासाठी 7 केबी मेमरी लागते, आणि 55 एलियन दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, पुसून नव्याने काढणं त्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून एका फ्रेमला एकच एलियन सरकतो. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक करत वर जायचं. नीट बघितलंत तर फौजेतून लाट सरकल्यासारखी दिसते, ती यामुळेच.

आता गंमत बघा. सेकंदाला 60 फ्रेम, एलियन 55. म्हणजे सगळ्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळपास एक सेकंद जातो. निम्मे मारलेत की अर्धा सेकंद. शेवटचा एकटा उरला की तो प्रत्येक फ्रेमला सरकतो, आणि शिवाय उजवीकडे जाताना दोनऐवजी तीन ठिपके उडी घेतो. या खेळातली सगळी घालमेल इथून येते: तुम्ही जितके चांगले खेळाल तितका खेळ तुमच्यावर चढत जातो. ते चार सुरांचं ‘धम्-धम्’ही त्याच्याबरोबर जलद होत जातं. यंत्राच्या मर्यादेतून हे निघालं, आणि निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं. हा त्यांचा मोठेपणा.

अटारी 2600 चं गणित पूर्ण उलटं आहे. रॅम फक्त 128 बाइट. पडद्याचं चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीची प्रत्येक आडवी रेघ उमटत असताना प्रोग्रामने त्या रेघेपुरता तपशील चित्र काढणाऱ्या चिपला पुरवत राहायचा. हलत्या आकृत्या दोनच, प्रत्येकी आठ ठिपके रुंद, जोडीला दोन गोळ्या आणि एक चेंडू. मात्र चिपमध्ये एक सोय आहे: एकाच आकृतीच्या आडव्या ओळीत तीन प्रती काढता येतात. दोन आकृत्या, तीन-तीन प्रती, झाले सहा स्तंभ. रेघा खाली सरकतील तसा त्याच आकृत्यांना नवा आकार देत सहा रांगा काढल्या. 36 हा आकडा असा आला. रिक मॉरर यांनी 1980 साली हे 4 केबीच्या कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत) बसवलं.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा यापुढचा आहे. 2600 वर चित्र दर फ्रेमला मुळापासून काढावंच लागतं, त्यामुळे एलियन कमी झाल्याने खेळ आपोआप जलद होणार नाही. तो वेग प्रोग्राममध्ये मुद्दाम घालावा लागतो. मॉरर यांनी तो घातला, आवाजाची लयही त्याच्याबरोबर चढती ठेवली. लाट गेली, सगळे एकदम सरकतात. बंकर कमी झाले. गुण खालच्या रांगेपासून 5, 10, 15 असे 30 पर्यंत झाले. पण एका वेळी तुमची एकच गोळी हवेत, नेम चुकला की ती वर जाईपर्यंत थांबायचं, ही शिस्त राहिली, आणि शेवटच्या एलियनमागची धावपळही राहिली.

याउलट अटारीच्याच 400 आणि 800 या संगणकांवरची आवृत्ती बघा. यंत्र कितीतरी ताकदवान, पण तिथे बंकरच काढून टाकले आणि डावीकडे एक रॉकेट उभं केलं, त्यातून एलियन बाहेर येतात. दिसायला छान आहे. मला ती पटत नाही. बंकर म्हणजे या खेळातला श्वास घ्यायचा अवधी. आपलाच बंकर खालून पोखरून फटीतून मारायचं, हे डावपेच बंकर नसले की संपतात.

अटारी 2600 च्या कार्ट्रिजवर या खेळाचे 112 प्रकार आहेत: हलते बंकर, नागमोडी पडणारे बॉम्ब, न दिसणारे एलियन, दोघांनी एकत्र खेळायचे खेळ. पहिल्या प्रकारापासून सुरू करा आणि यंत्रावरचा डिफिकल्टी स्विच (अवघडपणा ठरवणारा) ‘बी’वर ठेवा, ‘ए’वर तोफ रुंद होते आणि मार चुकवणं अवघड जातं. रीसेटचं बटण दाबून ठेवून यंत्र चालू केलंत तर एकदम दोन गोळ्या सोडता येतात. मुलांना दाखवायला ठीक आहे, पण सवय लावून घेऊ नका, वर सांगितलेली शिस्तच त्यात मोडते.

आर्केडचा खेळ जसाच्या तसा हवा असेल तर निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या घरगुती यंत्रावरची 1994 ची आवृत्ती शोधा. तिच्यात काळा-पांढरा, रंगीत पट्ट्यांचा असे वेगवेगळे पडदे निवडता येतात. तिथे दोन गोष्टी करून बघा. आपल्या गोळ्या मोजा: 23वी गोळी तबकडीला (पडद्याच्या वरून मधूनच सरकत जाणाऱ्या यानाला) लागली तर 300 गुण, त्यानंतर दर 15व्या गोळीला तेच. आणि थोडा हात बसला की ‘नागोया’ डाव: फौजेला अगदी शेवटच्या रांगेपर्यंत खाली येऊ द्यायचं, कारण तोफेच्या लगेच वर आलेल्या एलियनच्या गोळ्या तोफेला लागत नाहीत. त्यासाठी मधले स्तंभ आधी साफ केले की कडेला पोचायला फौजेला जास्त वेळ लागतो, असं समजू नका. फौज वळते ती कडेच्या एलियनवरून. कडेचे स्तंभ आधी मारलेत तरच खाली उतरणं लांबतं आणि तुम्हाला हवी ती रांग, हव्या त्या वेळी खाली आणता येते.