‘मग मी आता काय करू?’

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. समुपदेशक म्हणून तुझ्याकडे आलेल्या पहिल्या तिन्ही क्लायंटनी ‘मग मी आता काय करू?’ असं विचारलं, तू तिघींनाही काहीतरी सुचवून मोकळी झालीस, आणि आता ते चुकलं तर काय, या धास्तीने तुझी झोप उडाली आहे. क्लायंटची नावं लिहिली नाहीस हे फार बरं केलंस. माझी पद्धत कोणती, असंही विचारलंयस. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडेल, म्हणून जरा मागे जाते.

माझं पहिलं प्रशिक्षण सीबीटीचं, म्हणजे विचार तपासून भावना आणि वागणं बदलायला मदत करणाऱ्या उपचारपद्धतीचं. नैराश्याच्या रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार त्यांच्या भावनांना वळण देतात, हे मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलं. ते विचार हेरायचे, त्यांना आधार किती आहे ते तपासायचं. मला हे अतिशय आवडलं, कारण हातात धरायला एक तक्ता होता. तेव्हा एक गृहस्थ यायचे (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). मुलाशी कित्येक वर्षं अबोला. ‘बाप म्हणून मी नापास झालो,’ ते म्हणाले. मी वाक्य तक्त्यात उतरवलं, बाजूचे आणि विरोधातले पुरावे मांडले. या वाक्यावर किती विश्वास आहे, असं विचारलं तेव्हा तासाभरात आकडा ९० टक्क्यांवरून ४० वर आला. मी खुशीत घरी गेले. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत.

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या कामाची उजळणी करताना, मला एवढंच विचारलं गेलं, “ते वाक्य बोलताना त्यांचा चेहरा कसा होता?” मला सांगता येईना. मी कागदाकडे बघत होते.

दोष तंत्राचा नव्हता. दोघांनी मिळून तपासायचं, हा बेक यांचाही आग्रह होता. मी एकटीच तपासत सुटले होते. त्यानंतर मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स पुन्हा वाचले. बदलासाठी आवश्यक अशा सहा अटी त्यांनी १९५७ मध्ये मांडल्या. त्यातली शेवटची अट विद्यार्थी पटकन विसरतात: थेरपिस्टची आस्था आणि समजूत क्लायंटपर्यंत थोडी तरी पोचली पाहिजे. माझ्या मनात त्या गृहस्थांविषयी कळकळ होती, पण ती त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी थेरपिस्ट आणि क्लायंटमधल्या सहकार्याचे तीन धागे सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, कामाच्या रीतीबद्दल एकमत आणि आपसातला बंध. काम अडलं की आजही मी यातला कुठला धागा सुटलाय ते आधी बघते. वेगळं तंत्र शोधायला लागते ती त्यानंतर.

आता तुझा प्रश्न. ‘काय करू?’ विचारणारी व्यक्ती बहुधा दहा जणांचे सल्ले ऐकूनच आलेली असते. मी विचारते, “हे आधी कुणाला विचारलंत? त्यांनी काय सांगितलं? ऐकून काय वाटलं?” तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ जाऊ दे. द्विधेत असलेल्या माणसाला आपण बदलाच्या बाजूने ढकललं की तो न बदलण्याची बाजू लढवू लागतो, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तीच त्याला जास्त पटत जाते. घाबरल्यावर छाती का धडधडते, औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञांना कधी भेटावं, हे मात्र खुशाल सांग. ती माहिती आहे, आणि ती अडवून ठेवणं अन्यायाचं होईल.

एका जागी आडवळण अजिबात नको. आत्महत्येची शंका आली तर स्पष्ट शब्दांत विचार: जीव द्यावासा वाटतो का, कसा द्यायचा हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. जिवाला धोका असेल तिथे गोपनीयतेची मर्यादा संपते, हे पहिल्याच भेटीत सांगत जा. ऐन वेळी सांगितलंस तर तो विश्वासघात वाटतो.

शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेव आणि विचार, “आज माझं काही खटकलं का?” सुरुवातीला सगळे ‘नाही’ म्हणतात. तरी विचारत राहा. मी त्या गृहस्थांना हे एकदाही विचारलं नव्हतं.

राहिली तुझी दुसरी क्लायंट, जिला तू नोकरी सोडायला सुचवलंस. पुढच्या भेटीत ते झाकू नकोस. म्हण, “मागच्या वेळी मी घाई केली असं मला वाटतंय. तुम्हाला ते ऐकून कसं वाटलं होतं?” आणि थांब. ती जे बोलेल ते, तुझ्या स्वतःच्या वाक्यांसकट, जमेल तितकं शब्दशः उतरवून सुपरव्हिजनला घेऊन जा. तिचा चेहरा कसा होता, तेही लिही.

तुझी,
ताई