पाणी-माती, तुमचे प्रश्न : नळीतला बुडबुडा

प्रश्न : मी आष्टी तालुक्यातल्या आठ गावांत पाणलोटाच्या कामावर आहे, वय २५. हवामान बदल आणि पाणी नियोजन यावर वर्षभरात सहा प्रशिक्षणं घेतली. हॉल, प्रोजेक्टर, हजेरीपट, प्रमाणपत्रं, सगळं व्यवस्थित केलं. पण महिन्याने गावात गेलो की लोक म्हणतात, "छान झालं, पोहे मस्त होते." माझं शिकवणं कमी पडतंय का?
– एक कार्यकर्ता, आष्टी (जि. बीड)

उत्तर : पोहे लक्षात राहिले म्हणजे लोकांची स्मरणशक्ती शाबूत आहे. दादा, तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस. तू ज्या चुका करतोयस त्या मी तीस वर्षांपूर्वी करून बसलेय.

तेव्हा मी संगमनेरच्या पठारावर सलग समतल चरांची, म्हणजे उतारावर पाणी अडवायला एकाच पातळीत खणायच्या लांब चरांची आखणी शिकवायचे. पारदर्शक नळी, दोन पट्ट्या, नळीत पाणी. दोन्ही पट्ट्यांवर पाणी सारखं दिसलं की त्या दोन जागा एका पातळीत. काम पटापट उरकावं म्हणून नळी मीच धरायचे, फक्कीही मीच टाकायचे. गावकरी मागून खणत यायचे, दोन फूट रुंद, फूटभर खोल. एका गावात मी दोन दिवस गेले नाही. त्यांनी माझ्यासारखीच नळी धरून आखणी केली. वळवाच्या पहिल्या सरीला सगळं पाणी चराच्या एका टोकाला धावलं, भराव फुटला आणि खालच्या वावरातली माती घेऊन गेलं. कारण काय, तर नळीत बोटाच्या पेराएवढा बुडबुडा अडकला होता. हवा अडकली की पाणी खोटी पातळी दाखवतं. रोज सकाळी नळी झटकून बुडबुडे काढायची सवय माझ्या हाताला होती, तोंडाने मी ते कधी सांगितलंच नव्हतं. ज्याची माती गेली तो शेतकरी मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी नळीला हात लावणं सोडलं. उलट, मुद्दाम एक बुडबुडा ठेवून नळी लोकांच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. ए-फ्रेमचंही तसंच, तेही पातळी शोधायचंच साधन. दोन काठ्या, एक आडवी पट्टी, ओळंबा. ओळंब्याची दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे सपाटी. हे पाच जणांनी करून बघितलं की सहाव्याला तेच शिकवतात. तुझं काम तिथे संपतं.

हवामान बदल हा शब्द पहिल्या दिवशी काढूच नकोस. पाण्याच्या ताळेबंदापासून सुरू कर. हिवरेबाजार दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवतं, ते याच हिशेबावर. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. समज गाव ८०० हेक्टरचं आणि पाऊस ४०० मिलिमीटर, तर ३२० कोटी लिटर पाणी पडलं. लोक हरखतात. मग विचार, प्यायला किती लागतं? १,५०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाला जेमतेम ३ कोटी. आता उसाचं विचार. एका हेक्टरला साधारण २ कोटी लिटर. म्हणजे अख्खं गाव वर्षभर जेवढं पितं, तेवढं दीड हेक्टर ऊस पितो. पारावर इथे शांतता पसरते. कुणाचा ऊस आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. ही गणितं पडद्यावर दाखवू नकोस, खडूने जमिनीवर मांड आणि आकडा त्यांच्याच तोंडून येऊ दे.

बायकांना सकाळी अकराला बोलावून त्या येत नाहीत म्हणू नये. विहीर कोणत्या महिन्यात खरवडते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. शिवारफेरी त्यांच्या वेळेला काढ.

आणि एकदाच घेऊन सोडून देऊ नकोस. शेतीशाळा ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांमुळे सुरू झाली. हंगामभर दर आठवड्याला त्याच शेतात जमायचं, किडी मोजायच्या, चित्र काढायचं, मग फवारायचं की नाही ते शेतकऱ्यांनीच ठरवायचं. तुझ्या सहा हॉलांच्या खर्चात असं एक शिवार हंगामभर चाललं असतं. हजेरीपट मात्र वर पाठवत जा, त्याशिवाय बिल निघत नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवामानाचे अंदाज आणि पीकसल्ले रोज येतात, आम्ही पुढे पाठवतो. एवढं पुरे का?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : नाही, ताई. अंदाज बहुधा जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो आणि पाऊस तुमच्या बांधावर पडतो किंवा पडत नाही. शाळेत पर्जन्यमापक बसवा, सकाळी साडेआठला वाचा आणि "आज १४ मिमी" एवढंच ग्रुपवर टाका. दोन-चार पावसाळ्यांची वही झाली की पीकसल्ल्यावर तुम्हालाही बोलता येईल. मापक झाडाखाली किंवा पत्र्याच्या कडेला नको. एका शाळेत तो तुळशीशेजारी होता आणि वहीत भर एप्रिलमध्ये रोज ६ मिमी पाऊस. शेवटी कळलं, शिपाईमावशी तुळशीबरोबर त्यालाही पाणी घालत होत्या.