विकसनशील देशाचा वित्तीय बाजार खोल होतोय, हे कशावरून ओळखायचं?

शेअर बाजाराचं एकूण मूल्य जीडीपीच्या तुलनेत वाढलं म्हणजे बाजार खोल झाला का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यावरून नाही म्हणता येणार; खोल होणं म्हणजे अर्थव्यवस्थेच्या आकाराच्या मानाने कर्ज आणि भांडवल पुरवण्याची बाजाराची ताकद वाढणं. नुसते भाव चढले तरी तो आकडा फुगतो, एकाही नव्या कंपनीने भांडवल उभारलेलं नसतं. मी आधी खासगी क्षेत्राला दिलेल्या कर्जाचं जीडीपीशी प्रमाण पाहतो, तेही निदान 20-30 वर्षांचं.

साधारणपणे बँका आधी वाढतात, शेअर बाजार नंतर, आणि कंपन्यांच्या रोख्यांचा (बाँडचा) बाजार सगळ्यात शेवटी. दीर्घ मुदतीचे रोखे घेऊन ठेवणारे पेन्शन फंड आणि विमा कंपन्या उभ्या राहायला वेळ लागतो. शिवाय महागाई आटोक्यात नसेल तर 10 वर्षांसाठी ठरावीक व्याजावर पैसे कोण अडकवेल?

कर्जाच्या प्रमाणाचा आलेख झपाट्याने वर जात असेल तर मात्र हा पैसा कुणाचा आणि किती मुदतीचा, हे जरूर तपासा. थायलंडमध्ये 1990च्या दशकात कर्जं भराभर वाढली, पण त्यामागे परकीय चलनातली अल्पमुदतीची उसनवारी मोठी होती. 2 जुलै 1997ला बाट या थाई चलनाचा जवळपास स्थिर ठेवलेला दर सोडून द्यावा लागला, आणि बाट घसरल्यावर डॉलरमधली तीच कर्जं फेडणं कंपन्यांच्या आवाक्याबाहेर गेलं.